चौथ्या मजल्यावरचं वेळापत्रक

चौतीस वर्षं पुस्तकं वाहून सोलांज पेरियेचे गुडघे पार कामातून गेले होते. पॅरिसमधल्या रिशल्यू रस्त्यावरच्या त्या जुन्या ग्रंथालयात कपाटांचे मजले सगळे लोखंडी. पायाखालची जमीनही जाळीची, छताच्या काचेतला उजेड थेट तळापर्यंत उतरावा म्हणून. पूर्वी आगीच्या भीतीनं तिथे दिवा लावत नसत. उजेड आपला आपण उतरायचा, सोलांजला मात्र चढावं लागायचं.

आता पुस्तकं नदीकाठच्या नव्या काचेच्या मनोऱ्यांत चालली होती. महिनोन्‌महिने खोकी भरून ती इतकी दमली होती की वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

शेवटच्या दुपारी म्हातारे मस्यू व्हासार पुस्तकाच्या मागणीची चिठ्ठी घेऊन हजर. वीस वर्षांपासूनचे वाचक ते, खुर्चीसुद्धा ठरलेली.

"हे गेलं, मस्यू. मंगळवारीच."

"मग आहे ते आणा, मादाम. नुसत्या टेबलापुढे काय बसायचं?"

"आहे ते चौथ्या मजल्यावर. माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?"

पण ती गेली. कठडा धरत, थांबत थांबत. वर एकच फळी भरायची राहिली होती, रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांची. हाताला लागलं ते तिनं उचललं.

म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पानं उलटली. "ला सुतेरेन! आमचं गाव. आजोबा गवंडी होते. याच गाडीनं आले असणार पॅरिसला."

"त्याच्यापुढचं स्टेशन बघा. फ्रॉमांताल आहे?"

"आहे की! तुमचं?"

"आईचं."

"म्हणजे शेजारीच निघालो आपण. बसा हो, उभ्या कशाला?"

वाचकांच्या खुर्चीत सोलांज कधी बसली नव्हती. त्या दिवशी बसली. बारीक लोखंडी खांबांवर पेललेले नऊ घुमट तिनं मान मागे टाकून पाहिले. म्हातारा मोठ्यानं एकेक स्टेशन वाचत होता, त्याला गप्प करायला दालनात कुणीही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या स्टेशनाला तिचा डोळा लागला.

"मादाम, बंद व्हायची वेळ झाली," त्यानं हळूच हाक मारली.

वेळापत्रक हातात घेऊन ती जिन्यापाशी आली, वर पाहिलं, आणि ते तिथल्याच ढकलगाडीवर ठेवून दिलं. पुस्तक जागेवर न ठेवण्याची तिची ही पहिलीच वेळ.

नव्या इमारतीत ती गेली नाही. जूनमध्ये निवृत्ती घेतली, आणि पहिला आठवडाभर नुसती झोपली.