पत्र्याचा नकाशा

आमचं नवं घर आम्ही जानेवारीत आखायला घेतलं, तीच पहिली चूक. नागपुरात जानेवारीत माणूस गोधडीत पाय गुंडाळून बसतो आणि मे महिना नावाचं काही असतं हेच विसरतो. आम्ही सातजण विसरलो. त्यात मीही होते, म्हणून कोणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. तरी मी ठेवते.

सध्याचं घर नंदनवनला. समोर हॉल, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली. दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, त्यामुळे खिडक्या काय त्या पुढे आणि मागेच. एवढ्या जागेत आम्ही सातजण: मी, माझे मिस्टर, त्यांची थोरली बहीण कुसुमताई, मोठा मुलगा रोशन, सून मोनाली, नात वैभवी आणि धाकटा आयुष. आयुष दोन वर्षांपासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जिन्याच्या पायरीवर बसून करतो. कोणी वर-खाली गेलं की तो पुस्तक उचलून भिंतीला चिकटतो. अधिकारी झाला तर त्याला दाटीत उभं राहायचा सराव आधीच झालेला असेल.

मिस्टरांचं नाव बळीराम. नाव घ्यायला मला लाज वाटत नाही, नवरा माझाच आहे. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पत्र्याचे डक्ट बनवले. डक्ट म्हणजे मोठ्या इमारतींत छताखालून हवा नेणारे ते चौकोनी बोगदे. विमानतळाकडे कधी गेलो की मिहान वसाहतीतल्या ऑफिसांच्या एखाद्या इमारतीकडे बोट दाखवून ते सांगायचे, या बिल्डिंगीत हवा माझ्या हातची आहे. मी म्हणायची, बरं, पुढे बघून गाडी चालवा. पण मला ते आवडायचं, हे आज सांगून टाकते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ते रिटायर झाले आणि घरात बसले. ज्या माणसाचे हात एकतीस वर्षं रिकामे नव्हते, तो माणूस पेपर दोनदा वाचायला लागला.

नकाशा काढायला सोनिका नावाची इंजिनिअर मुलगी आली. हुशार पोरगी. टेप लावून सगळं घर मोजलं, प्रत्येकाला काय हवं ते विचारून वहीत लिहिलं. वर एक मजला चढवायचं ठरलं. वर आयुषची खोली, मागे रोशन-मोनालीची, मधे कुसुमताई आणि वैभवीची, त्याला लागून स्वयंपाकघर. आम्ही दोघं म्हातारे हॉलमध्ये, दिवाणावर. नकाशात दिवाणाचा एक लांबट चौकोन काढला होता आणि त्यावर लिहिलं होतं, आई-बाबा. बायकोमुलांसाठी हे घर ज्यानं उभं केलं त्याची जागा एका दिवाणाएवढी निघाली. मला ते खटकलं, पण सगळे इतके खूश होते की मी गप्प बसले. माझं गप्प बसणं घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तशी कोणाला सवय नाही.

मग सोनिकानं विचारलं की पुढच्या खिडकीतल्या त्या लोखंडी कूलरचं काय करायचं.

तो कूलर मिस्टरांनी आयुष जन्मला त्या वर्षी स्वतःच्या हातानं बनवला. छातीएवढा उंच, जाड पत्र्याचा. दर मार्चला त्याच्या टाकीला आतून डांबर लावायचं, खसच्या ताट्या बदलायच्या, आणि एप्रिल-मेमध्ये अख्ख्या घरानं हॉलमध्ये त्याच्यासमोर झोपायचं. कोणाचं अंथरूण कुठे हे मी ठरवते. गुडघ्यांमुळे कुसुमताई झोतापासून बाजूला, वैभवी मधे, घोरणारा आयुष दाराशी. पंचवीस वर्षं त्या एका कूलरनं आम्हाला जगवलं.

रोशन म्हणाला, त्याला भंगारात देऊ, खोल्याखोल्यांत ए.सी. लावू. तो वाईट नाही, सरळ मुलगा आहे, सरळपणे बोलून गेला. मिस्टरांनी चष्मा पुसला आणि ते वर गच्चीवर निघून गेले.

मी मात्र सोडलं नाही. कुसुमताईंना ए.सी. सोसत नाही, दोन तासांत त्यांचे गुडघे धरतात. मग मधल्या खोलीत त्या मे महिना कसा काढतील, असं मी विचारलं. तेव्हा कुठे सगळ्यांना मे आठवला. सोनिकानं नकाशा फिरवून फिरवून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मधल्या खोलीला बाहेरची भिंतच नाही, तिथे कूलर लावायला खिडकी येणार कुठून. त्यावर मी रोशनला एकच वाक्य बोलले.

"तू मिहानच्या ज्या हापिसात बसतो ना गा, तिथं तुह्या डोक्शावर तुह्या बापाचाच डक्ट हाये."

रोशनची मान खाली गेली. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर ठोकाठोक सुरू झाली. सकाळी चहा झाला की मिस्टर कात्री, लाकडी हातोडा आणि पत्र्याचे तुकडे घेऊन वर जायचे ते जेवायलाच खाली यायचे. काय करताय विचारलं तर म्हणायचे, पेटी करून राहिलो. मला वाटलं, रागानं करताहेत, धान्याची कोठी वगैरे असेल. संक्रांतीच्या उरलेल्या पतंगांचे कागद त्यांनी वैभवीकडून मागून नेले, तेव्हा मी डोक्याला हात लावला. आयुषच्या जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखाही गेला. एकदा तर मी पोळ्या करत असताना ते टेप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि ओट्यासमोर खाली बसून काहीतरी मोजू लागले. मी म्हटलं, पायात येऊ नका, उलथणं गरम आहे. ते गेले.

मार्चच्या एका रविवारी सोनिका पक्का नकाशा घेऊन आली. तो मंजुरीला द्यायचा होता, म्हणजे आता जे ठरेल ते भिंतीत जाणार होतं. सगळे हॉलमध्ये जमलो. मिस्टर गच्चीवरून माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी उचलून खाली आणत होते. आयुष दुसऱ्या टोकाला धरून उलटा उलटा पायऱ्या उतरत होता. ते जमिनीवर ठेवलं आणि लुगडं काढलं.

आमचं घर होतं. पत्र्याचं, एका बाजूनं उघडं, गुडघ्याएवढं उंच. सोनिकाच्या नकाशातली एकूण एक भिंत त्यात होती, दारं होती, हॉलमध्ये दिवाणसुद्धा होता, पत्र्याचा, बोटाएवढा. गच्चीच्या जागी एक डबा, तो कूलर. त्यातून एक चौकोनी नळी घराच्या मधोमध खाली आलेली आणि तिला भिंतींच्या वरच्या कडेनं फांद्या फुटलेल्या. प्रत्येक फांदीच्या तोंडाशी पतंगाच्या कागदाची एकेक पट्टी चिकटवलेली. कुठे हिरवी, कुठे पिवळी.

मिस्टरांनी पंख्याची वायर लावली. घरघर आवाज झाला आणि हॉलमधली हिरवी पट्टी उठून उभी राहिली. मग रोशनच्या खोलीतली. मग वरच्या मजल्यावर आयुषची. सगळ्यांत शेवटी, बाहेरची भिंत नसलेल्या त्या मधल्या खोलीत, पिवळी पट्टी फडफडायला लागली. कुसुमताईंनी वाकून तिच्यापुढे बोट धरलं.

"लागून राह्यली गा बळीराम, मले हवा लागून राह्यली," त्या म्हणाल्या.

सोनिका गुडघ्यांवर बसली आणि तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. खोलीत आलेली हवा जाणार कुठून, हा पहिला. मिस्टर तयारच होते. प्रत्येक भिंतीत वरच्या बाजूला त्यांनी छोटी जाळी ठेवली होती, तिथून हवा जिन्यात निघून वर जाणार, म्हणजे खोली दमट होत नाही. टाकीचं वजन कुठल्या भिंतीवर, आवाज कमी कसा करायचा, सगळी उत्तरं होती. एकतीस वर्षं जो माणूस साहेबांच्या नकाशावरून पत्रा कापत आला, तो आज इंजिनिअरला समजावून सांगत होता आणि ती पेन्सिलीनं भराभर लिहून घेत होती. मधेच थांबून ती म्हणाली की जिना पुढून काढून मधे आणला तर डक्ट त्याच्या बाजूनं सरळ उतरेल, आणि पुढे जी जागा सुटेल तिथे काका-काकूंची छोटी खोली बसेल. तिनं दिवाणाचा तो लांबट चौकोन खोडला. खोडरबराची भुकटी मीच नकाशावरून फुंकली.

रोशन इतका वेळ उभा होता. तो वडिलांजवळ खाली बसला आणि म्हणाला, "बाबा, कूलर भंगारात नाही जात. मी चुकीचं बोललो." मिस्टर म्हणाले की जुना पत्रा सडला आहे, तो जाऊ दे, मोटर चांगली आहे, ती ठेवू. झालं, एवढंच. बापलेकांचं बोलणं नेहमी असंच निम्म्यात संपतं.

माझा नवरा आहे, असं त्या पत्र्याच्या घराभोवती बसलेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून मी उगाच कामाला लागल्यासारखं करत लुगड्याची घडी घालायला वाकले, आणि तेव्हा मला पाचवी पट्टी दिसली.

ती स्वयंपाकघरात होती. लाल. बाकीच्या सगळ्या वर होत्या, ही खाली, ओट्यासमोर, जमिनीला लागून. ती पण फडफडत होती. स्वयंपाकघरात कूलर कोणी लावत नाही, गॅस विझतो. तीस वर्षं मे महिन्यात मी तिथे उभी आहे. पदर ओला करून मानेवर ठेवायचा आणि पोळ्या लाटायच्या. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. तक्रारींना मला बाकी विषय पुष्कळ आहेत.

"हे काय हो? गॅस विझन ना," मी म्हटलं.

"नाही विझत. म्हणून तं खालून देल्ला. पायाले लागन हवा, गॅसले नाही."

"आन् इतके वर्स काहून नाही सुचलं तुमाले?"

मिस्टरांनी पंखा बंद केला. पट्ट्या एकेक करून खाली बसल्या.

"मे महिन्यात दुपारी मी घरी कधी होतो वं? ड्युटीवर राहो. मागच्या वर्सी पयल्यांदा पाह्यलं तुले तिथं उभं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मोनालीनं डोळ्यांना पदर लावला, तिला सवय आहे. मी नाही रडले. सोनिका नकाशावर ओट्याजवळ पेन्सिलीनं बारीकशी पाचवी रेघ ओढत होती, तिच्यासमोर मी माझं भाजीच्या हिशोबाचं निळं पेन ठेवलं.

"पेनानं काढ वं पोरी," मी म्हटलं. "पेन्सिलीची रेघ खोडता येते."