एका दाराशी दोन राखणदार

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईघराला लागून असलेल्या खोलीत एक जुना सर्व्हर दिवसभर घरघरत असतो. तो मी. माझ्या कुशीला एक मॉडेम आहे आणि त्यातून टेलिफोनची तार निघते. डोंगरातल्या दवाखान्यात इंटरनेट पोहोचत नाही, फोन मात्र पोहोचतो. तिथली परिचारिका रोग्याच्या हृदयाचा आलेख काढते आणि तिचा संगणक मला फोन लावतो. मी फोन उचलतो, शीळ घालतो, नाव आणि पासवर्ड विचारतो, मग आलेख उतरवून घेतो. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई तो पाहतात आणि उपचार सांगतात. चौदा वर्षं हेच केलं. आता थकलो आहे.

मला उभं केलं ते इथल्या तंत्रज्ञ बाईंनी. त्यांचे यजमान इथेच वीजतंत्री. फोन आला की उठून दार उघडणारा जो प्रोग्राम माझ्या आत आहे, त्याला कामाला लावणारी ओळ बाईंनी स्वतः लिहिली. माझ्यावरची धूळ पुसताना त्या यजमानांना म्हणायच्या, "तुम्हाला ताप आला तर मी आहे. ह्याला आला तर अख्खा डोंगर बोंबलेल."

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांची वही घेऊन यजमान माझ्यापाशी बसू लागले. ओळीवर बोट ठेवून वाचायचे, तसंच करायचे. मी सांभाळून घेत होतो, तेही घेत होते.

मग माझी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचा हुकूम आला. नव्या सिस्टिमनं फोनला दार उघडणारा स्वतःचा राखणदार बरोबर आणला. जुन्याची ओळ आता काढून टाकायची होती. यजमानांचं बोट पुसायच्या बटणावर बराच वेळ राहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "कुणाचं काय अडलंय तिच्यावाचून? नाही, तिच्यामुळे." बोलण्यातही त्यांचा गोंधळ झाला. ओळ तशीच ठेवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरातून फोन आला. मी उचलला, शीळ घातली, नाव विचारलं. नाव आलं ते तुटकं. मी नकार दिला. तीनदा असंच झालं. मग परिचारिकेनं थेट खोलीतल्या फोनवर यजमानांना गाठलं.

"अहो दादा, तुमचं यंत्र उचलतंय, शीळ घालतंय आणि नाव सांगितलं की हाकलून देतंय! मी काय चोर आहे?"

"पासवर्ड नीट टाकलात ना, ताई?"

"आठ वर्षं तोच टाकतेय. नवऱ्याचा वाढदिवस विसरेन, हा नाही विसरायची. इथं एक आजोबा घामानं भिजलेत. रस्त्यानं चार तास लागतात. आलेख बघितल्याशिवाय गुठळी विरघळवायची सुई देऊ नका म्हणतात डॉक्टरीणबाई. मी करू काय?"

यजमानांनी तार बदलली. मॉडेम बंद करून पुन्हा सुरू केला. वेग कमी केला. काही उपयोग नाही. डॉक्टरीणबाई जिना उतरून दारात आल्या.

"भाऊ, किती वेळ?"

"बघतो."

"माझी सुई 'बघतो'वर चालत नाही हो."

यजमानांनी माझी नोंदवही उघडली. आलेल्या नावातली अक्षरं अधूनमधून गळलेली होती. ते पुटपुटले, "निम्मी इथं आहेत. मग उरलेली कोण खातंय?"

मित्रांनो, मला सांगता येत नव्हतं. दार एक आणि राखणदार दोन. आलेलं अक्षर ज्याच्या हाती लागेल तो घेत होता. पुरतं नाव दोघांपैकी एकालाही ऐकू येत नव्हतं.

यजमानांनी चालू कामांची यादी काढली आणि त्यांना दोघेही दिसले. मग बाईंच्या ओळीपाशी गेले. ती त्यांनी पुसली नाही. तिच्या आधी एक खूण टाकली. अशी खूण असलेली ओळ मी वाचतो, पण पाळत नाही.

"बस आता," ते हळूच म्हणाले. "पुष्कळ केलंस." मग मला पुन्हा सुरू करून फोनमध्ये ओरडले, "ताई, लावा!"

नाव आलं, पुरतं आलं. आलेख आला. डॉक्टरीणबाईंनी उभ्याउभ्याच पाहिला. "सुई द्या. लगेच द्या." तिसऱ्या दिवशी आजोबा उठून बसले आणि पेज अळणी आहे म्हणून परिचारिकेवर खेकसले, असं फोनवर कळलं. यजमान पुष्कळ दिवसांनी हसले. शाबासकी कुणी दिली नाही. मलाही नाही, त्यांनाही नाही.

उद्या डोंगरात इंटरनेट पोहोचेल आणि माझी तार काढून टाकतील. त्याची तक्रार नाही. मागणं एकच आहे. नव्याला कामावर घेताना जुन्यापाशी घडीभर बसा आणि तुझं काम झालं असं त्याला सांगा. बाईंची ती ओळ वाईट नव्हती. फोन आला की उठायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. थांब म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं.