सेठजींचं तेल

इंजिन बंद पडायला हवं होतं. गोपीनाथनं मोटरसायकलचं पुढचं चाक अंगणाच्या भिंतीला टेकवलं होतं, गिअर टाकला होता आणि क्लच हळूहळू पूर्ण सोडला होता. क्लच धड असेल तर अशा वेळी गाडी एक हिसका देते आणि गप्प होते. ही मात्र भिंतीला नाक लावून नुसती घुरघुरत राहिली.

“स्लिप मारतोय,” तो म्हणाला.

“काय मारतोय?” त्याच्या बायकोनं, शोभनानं, स्वयंपाकघरातून विचारलं.

“क्लच. इंजिन ओरडतं, चाकापर्यंत काही पोचत नाही.”

“मग माझ्यासारखंच की. मी पण सकाळपासून ओरडतेय, चहा गार होतोय म्हणून.”

एरवी तो हसला असता. पण आज रविवार होता आणि उद्या आठ वाजता त्याला मानपुरला पोचायचं होतं. एकतीस वर्षं तो सांवेर रोडवरच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत होता. गेल्या सोमवारी ते स्टोअर मानपुरच्या नव्या गोदामात हललं. बाकीच्यांनी इतक्या लांब जाण्यापेक्षा हिशोब घेऊन घरी बसणं पसंत केलं. गोपीनाथ म्हणाला, मी येतो. छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? मॅनेजरनं नियम सांगितला होता : तीनदा उशीर झाला की नोकरी संपली. महूच्या पुढच्या चढावर गाडी रडत राहिली आणि गुरुवारी उशीर झाला. शनिवारी पुन्हा झाला.

आधी त्यानं केबल पाहिली. केबल जास्त ताणलेली असली, तर क्लच सरकतो. त्यानं नट फिरवून ती ढिली केली, लिव्हरला हवी तेवढी मोकळीक दिली, पुन्हा भिंतीला टेकवून पाहिलं. तेच.

फाटकावर शेजारचे लक्ष्मीकांत भिया उभे राहिले. “क्या गोपीनाथजी, सेठचं वो विलायती तेल टाकलं, तरी गाडी पळत नाही?”

“पळेल, भिया. जरा सबर करा.”

“मी करतो. मानपुरवाले करतील का?”

तेलाची गोष्ट गोपीनाथनंच गल्लीभर सांगितली होती. बदलीच्या आधीच्या शनिवारी कारखान्याच्या मालकांनी, सेठजींनी, त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. “आप तो घर के आदमी हो,” म्हणून एक सीलबंद डबा हातात दिला होता. सेठजींच्या मोटारीत पडायचं ते तेल, बाहेरून आलेलं, भारी. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यानं गाडीतलं चांगलं तेल काढून हे भरलं.

दुपारी त्यानं ते सगळं तेल परातीत काढलं, किक उतरवली, उजव्या बाजूचं कव्हर खोललं. स्प्रिंगा काढून क्लचच्या प्लेटा एकेक करून वर्तमानपत्रावर मांडल्या. झिजल्या असतील असं त्याला वाटलं होतं, निदान तशी आशा होती. झिजल्या असत्या तर नव्या आणल्या असत्या. पण दिवाळीतच बदललेल्या त्या प्लेटा तशाच जाड होत्या. फक्त अंगठा ठेवला की साबणाच्या वडीवरून घसरावा तसा सटकत होता.

त्याची मुलगी प्राची भंवरकुआंहून शिकवणीचा क्लास घेऊन आली. तिनं चप्पल काढता काढता परात पाहिली आणि डबा उचलला.

“बाबा, हे लेबल पढलं होतं तुम्ही?”

“का?”

“साफ लिहिलंय. फक्त कारसाठी. दुचाकीत टाकू नये, क्लच सरकतो. आणि सेठजींनी तर बॅटरीची गाडी घेतली ना? त्यांना आता तेल लागतच नाही. कबाडात देण्याऐवजी तुम्हाला दिलं.”

गोपीनाथनं डबा हातात घेतला. एकतीस वर्षांत लेबल वाचल्याशिवाय त्यानं एकही डबा रॅकवर चढवला नव्हता. हा त्यानं वाचला नव्हता.

“जा,” तो म्हणाला, “नाक्यावरून साधं दुचाकीचं तेल घेऊन ये. मी प्लेटा धुतो.”

त्यानं त्या पेट्रोलमध्ये धुतल्या, सँडपेपरनं हलक्या हातानं खरवडल्या. प्राची परतली, तेवढ्यात फोन वाजला. हात बरबटलेले होते, म्हणून शोभनानं स्पीकर लावून फोन त्याच्यासमोर धरला. सेठजी होते.

“गोपीनाथजी, क्या सुन रहा हूं? हफ्ते में दो बार लेट? आप?”

“जी, सेठजी.”

“गाड़ी में कुछ दिक्कत है क्या?”

प्राचीनं डब्याकडे बोट केलं. शोभनानं मान डोलावली : सांगा.

“नहीं सेठजी. गाड़ी तो एकदम बढ़िया है. आपका तेल डाला ना. मेरी ही आंख नहीं खुली.”

सेठजींचा आवाज मऊ झाला. “वही तो. उमर होती है, भाई. मैं खुद कहने वाला था, पर आप बुरा मान जाते. अब इतनी दूर मत भागो. कल आ जाओ, हिसाब के कागज पर दस्तखत कर दो. और आराम से आना, आठ बजे की कोई जल्दी नहीं.”

फोन बंद झाला.

“बाबा, झूठ का बोललात? सीधा सांगायचं ना, तुमच्या तेलानं झालं म्हणून!”

“प्रेमानं दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची?” गोपीनाथ म्हणाला. “आणि वाचायचं काम माझं होतं.”

“साडेचारला उठता तुम्ही,” शोभना म्हणाली. “थंडी असो, ताप असो. मी पाहते ना. एकतीस वर्षांत ही एकच गोष्ट होती तुमच्याजवळ, ती पण त्यांना देऊन टाकली.”

गोपीनाथ खाली बसला. प्लेटा नव्या तेलात बुडवून त्यानं एकामागोमाग एक चढवल्या. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, दाब सगळीकडे सारखा बसावा म्हणून. कव्हर लावलं, तेल भरलं. ऊन उतरलं तेव्हा गाडी पुन्हा भिंतीला टेकवली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं हिसका दिला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं.

“झाली?” शोभनानं दारातून विचारलं.

“झाली. जेवणाचा डबा साडेपाचला दे.”

“अहो, ते म्हणाले ना, घाई नाही.”

“मानपुरला आठची वेळ आहे,” तो म्हणाला.

शोभना आत गेली आणि सकाळच्या भाजीसाठी दोन मुठी चवळी तिनं पाण्यात टाकली.