पिस्तुलाची हमी

शेषरावचा फोन आला तेव्हा भावसिंगला आधी वाटलं, आपल्याच कानांत काही बिघडलं. सात वर्षांत या माणसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि आता म्हणतो काय, "फौजी, एक जुनं पिस्तूल घेऊन राहिलो. तू तर बंदुकांचा डॉक्टर. जरा पारखून दे ना बाबा."

अहो, लाज कोळून प्यावी ती या शेषरावनंच! याच्याच खदानीत भावसिंगचा धाकटा भाऊ देविदास गेला. सुरुंगाचं एक भोक फुटायचं राहिलं होतं. तसल्या भोकाजवळ शहाणा माणूस फिरकत नाही. पण शेषरावला दगड घाईनं पाहिजे होता, त्यानं देविदासला बघायला पाठवलं आणि नेमकं तेव्हाच ते फुटलं. पोलीस आले तर हा म्हणतो, "पिऊन होता साहेब. लई अडवलं, ऐकलंच न्हाई." देविदासनं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. पण तांड्यावरचा माणूस म्हटलं की लोकांना आधी बाटली दिसते. कागदावर तेच चढलं. त्याची बायको निता आजही पुसेगावच्या बाजारात गेली की मागून कुणीतरी म्हणतंच, "त्या बेवड्याची व्हय ही?" हे ऐकलं की भावसिंगच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तरी तो गेला. शेषरावला आपली गरज पडली, एवढं एकच त्याला गोड लागलं होतं.

खदान हट्टा गावाच्या पुढं. लिंबाखाली खाट टाकून शेषराव बसला होता. शेजारी किशनराव, वसमतचे हळदीचे म्हातारे व्यापारी. ते आता पुण्याला लेकाकडं राहायला चालले होते, म्हणून पिस्तूल विकत होते. परवाने दोघांकडं होते, कचेरीची मंजुरीही झाली होती. राहिली होती ती पारख.

"भरलेलं न्हाई बरं का," किशनराव म्हणाले.

दुसऱ्यानं रिकामं म्हटलेलं हत्यार फौजी रिकामं धरत नाही. भावसिंगनं मॅगझिन काढलं, वरची स्लाईड मागं ओढली, आत डोकावला, वर करंगळी घालून चाचपलं. मग नळी उन्हाकडं धरली. आरशासारखी लख्ख. घोडा दाबून पाहिला, मॅगझिनची स्प्रिंग दाबून पाहिली. सगळं कसं जिथल्या तिथं.

"झालं का?" शेषराव म्हणाला.

"फौजेत असं होत नसतं, साहेब."

त्यानं स्लाईड सुटी केली, डंपरमधलं जरासं डिझेल मागून तिला चोळलं, कोरडी पुसली आणि पिशवीतला खडू कुटून त्याची भुकटी वर भुरभुरली. वीस वर्षं त्यानं पलटणीतली हत्यारं अशीच तपासली होती. लोखंडाला चीर असली की तिच्यात मुरलेलं तेल भुकटीतून वर येतं. जरा वेळ गेला, आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. निम्म्या स्लाईडपर्यंत.

आणखी पाच-दहा गोळ्या, की स्लाईड तुटणार आणि मागचा तुकडा उडवणाऱ्याच्याच डोळ्यात घुसणार. देवा रे, मागितलं नव्हतं तेवढं दिलंस! दोघांच्या नजरेला पडायच्या आत त्यानं अंगठ्यानं भुकटी पुसून टाकली आणि स्लाईड परत बसवली.

"माल बराबर हाय साहेब. बिनघोर घ्या."

शेषराव हसला. तो काही दूधखुळा नव्हता. "फौजी, तुमच्या तांड्याची रीत हाय ना, बैलाची हमी ज्यानं दिली, पहिलं औत त्यानंच धरायचं? मंग धर औत. उडव पाच."

आता आली का पंचाईत! तांड्यानं बैलांचा धंदा केला तेव्हापासूनची ती रीत. नाही म्हणावं तर बिंग फुटतं. भावसिंगला नाही म्हणायचंही नव्हतं. या माणसाच्या हातात हे पिस्तूल जाणार असेल तर आपला डोळा पणाला लावायला तो तयार होता. किशनरावांकडच्या गोळ्या मॅगझिनभर भरून तो खदानीच्या भिंतीकडं वळला. ज्या भिंतीपाशी देविदासचे तुकडे गोळा केले, तीच भिंत. त्यानं दात आवळले आणि घोडा दाबला. काही झालं नाही. दुसरी. तिसऱ्या गोळीला हाताला वेगळाच हिसका बसला, मानेवरून घाम ओघळला. चौथी. पाचवी उडवताना त्यानं चक्क डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर शाबूत होते. चीर आता खडूशिवाय दिसत होती, काठापासून नखभर अलीकडं.

"वा रे पठ्ठे! आण इकडं," शेषराव म्हणाला.

भावसिंगनं पिस्तूल दिलं, आणि तिथंच त्याच्या मनानं घात केला. डोळा गेला तर हा म्हणणार, नशीब फुटकं. देविदासचं नाव याच्या तोंडी येणारच नाही. कशापायी गेला ते ज्याला ठाऊक नाही, त्याचा डोळा घेऊन काय उपयोग? याला कळलं पाहिजे होतं.

"शेषराव," तो म्हणाला. तोंडातलं 'साहेब' आपोआप गळून पडलं. "उडवू नको. ती स्लाईड चिरलेली हाय. आता तुटंल अन् तुझा डोळा घेऊन जाईल. मला मघाशीच दिसलं होतं, मुद्दाम बोललो न्हाई. माझा देविदास पीत नव्हता. तू त्याला त्या भोकाकडं धाडलं. तेवढं ठाण्यात येऊन खरं सांग, मी हे पिस्तूल इथंच फोडून टाकतो."

किशनराव धडपडत उठले. "शेषराव, ठेवा ते खाली! मला चिरीचं काही ठाव नव्हतं, पण फौजी खोटं काहून बोलंल?"

शेषरावच्या कपाळावर आठी पडली. मग तो खो खो हसला. "पाच गोळ्या उडवल्या त्यानं माझ्यासमोर! अन् आता चिरलं म्हणून राहिला." त्यानं पिस्तूल भिंतीवर रोखलं. "भावासारखाच दिसतो तू बी. दुपारच्यालाच पिऊन आला काय रे?"

पुढं होऊन हात धरायला एक पाऊल पुरलं असतं. त्यानं किशनरावांचं मनगट धरलं आणि त्यांना मागं ओढून घेतलं.

"व्हय," तो म्हणाला. "पिऊन आलो. उडव."

आवाज झाला. शेषराव गुडघ्यावर बसला, दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबून, आणि बोटांतून रक्त मनगटावर उतरायला लागलं. डंपरवाले पळत आले. काय झालं, काय झालं, म्हणून एकच गलका झाला. किशनराव खाटेवर टेकले.

"त्याला सांगितलं होतं," भावसिंग म्हणाला. "शुद्धीत सांगितलं होतं."