खमिराची एकादशी

माझी नात राजनंदिनी जुन्या जालन्यात घरच्या घरी पाव भाजती. बाजारचं यीस्ट तिला चालत न्हाई. गव्हाचं पीठ अन् पाणी आंबवून आपलं खमीर आपणच लावायचं, असा तिचा हट्ट. तीन बरण्यांतलं मेलं, चौथीतलं जगलं. परीक्षेला नाशिकला जाताना ती बरणी केदारखेड्याला आमच्याकडं ठेवून गेली.

"आबा, रोज सकाळी अर्धं काढून फेकायचं. उरलेल्यात तेवढंच पीठ अन् पाणी घालायचं. सहा दिवस. हे मेलं ना, तर मी पुन्हा न्हाई लावणार. दमले मी."

दमणं काय असतं ते पोरीला अजून ठाऊक नव्हतं.

"फेकायचं?" चतुराबाई म्हणाली. ही माझी बायको. "पीठ फेकायचं, अन् माझ्या घरात?"

तिनं काढलेलं अर्धं पातेल्यात ठेवलं अन् त्यालाही खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी दोनाचे चार झाले, तिसऱ्या दिवशी आठ. पाचव्या दिवशी घरात बत्तीस भांडी, अन् सगळ्यांची तोंडं वर. हंडा, कळशी, दुधाची किटली, काही सोडलं न्हाई. मांजर एका झाकणावर झोपलं ते माळ्यावर जागं झालं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

पीठ मीच आणायचो. गिरणीवाला अप्पाराव म्हणाला, "कारभारीनाना, कुणाचं लगीन काढलं?"

"लगीन कसलं! बत्तीस बाळंतपणं करून राह्यलो."

कंबर बसली, गुडघे गेले. जन्मभर औत हाकलं, पण असा थकलो नव्हतो.

सहाव्या दिवशी एकादशी निघाली.

"आज ह्यांना गहू न्हाई," चतुराबाईनं जाहीर केलं. "ह्या घरात राहायचं तर उपास करायचा."

"अगं, ते पीठ हाय, माणूस न्हाई."

"भूक लागती ना त्याला? मंग?"

खरं सांगतो, मला बरंच वाटलं. एक दिवस गिरणी न्हाई. बाजेवर आडवा झालो. पण ऊन असं तापलं, की दुपारपर्यंत एकेक भांडं खाली बसलं. वर करडं पाणी आलं, आंबूस वास घरभर सुटला. बरणीतलंही बसलं. पोरगी 'पुन्हा न्हाई लावणार' म्हणाली होती, तेच कानात घुमू लागलं. चतुराबाई ओसरीत डोळे मिटून पडली होती. मी कंबर धरून उठलो, डब्यातलं मूठभर पीठ काढलं अन् बरणी उघडली.

काठाला आधीच पीठ लागलेलं होतं. ताजं, ओलं.

वळून बघितलं. चतुराबाईचे डोळे जरा जास्तच गच्च मिटलेले, अन् बांगड्या पांढऱ्याफटक. एकावन्न वर्षांत ह्या बाईनं एकादशीला पिठाच्या डब्याला हात लावला नव्हता. माझी मूठ डब्यात परत टाकायला पुन्हा वाकावं लागलं असतं. तेवढं त्राण न्हाई म्हणून तीही बरणीत सोडली.

सकाळी राजनंदिनी आली. एकतीस भांडी मेल्यासारखी पडलेली. पण बरणीतल्या खमिरानं झाकण उडवलं होतं, अन् ते फळीवरून उतरून तिला घ्यायला उंबऱ्यापर्यंत गेलं होतं.

"आबा! किती घातलं ह्याला?"

"मी न्हाई बुवा. काल एकादशी होती."

"आजी?"

"मी कशाला घालू? उपास होता त्याला."

"मंग आपलं आपणच डबा उघडून जेवलं का?"

"जेवलं असंल," चतुराबाई म्हणाली अन् हात पदराखाली घेतले.

पोरीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मंग उंबऱ्याशी बसली, बोटावर जरासं घेऊन हुंगलं, अन् डोळे पुसत पुसत हसली. परात ओढून तिनं पीठ ओतलं.

"पाव करते. गरम खा, मंग झोपा."

"तू कर," चतुराबाई भिंतीला टेकत म्हणाली. "झाकून ठेव. पण उठवू नको गं बाई आम्हाला."

मी तर तवर आडवा झालोच होतो.