दुकान कुणाच्या नावावर

लष्करात मी सतरा वर्षं कारकुनी केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि कोरेगावचं घर भावाकडे सोपवून सासुरवाडीला, विट्यात, येऊन बसलो. बसस्थानकासमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देतो. स्वभावानं मी तापट आहे, हे माझी बायको सांगेल आणि टेबलासमोर उभा राहणारा कुणीही सांगेल. कागदावर नाही ते माझ्या लेखी नाहीच.

जूनमध्ये विश्वजित आला. चौतीस वर्षांचा, अंगानं काटक, बोलता बोलता खोकणारा. आमच्या भागातली कितीतरी तरणी मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, म्हणजे गलाईत, देशभर पांगलेली आहेत. हा कोइमतूरला होता. ॲसिडच्या धुरानं छाती धरली होती आणि डॉक्टरनं धूर सोड म्हणून बजावलं होतं. पण गलाईशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. अशात आफ्रिकेत, घाना देशातल्या एका सोन्याच्या कारखान्यानं त्याला निवडलं. तिथं सगळं काम बंद यंत्रात चालायचं, धूर माणसापर्यंत यायचाच नाही. फक्त तिथला कामाचा परवाना मिळायला हवा होता आणि कागद द्यायला मुदत होती एका महिन्याची.

"दहा वर्सं काम केल्याचा दाखला आनलास का?" मी विचारलं.

"हाय की," म्हणत त्यानं पिशवीतून दुकानाचं लायसन काढून दिलं.

अर्जात मालकाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'अर्जुना मामा'. लायसनवर मालक म्हणून नाव होतं विश्वजितचं. भाडेकरार त्याचा, वीजबिल त्याचं, दुकानाचं बँकेतलं खातंही त्याचंच. माझं डोकं सणकलं.

"आरं, मालक तू का मामा?"

"मामाच की."

"मग ह्यो कागद काय म्हनतोय?"

"दुकानात जो बसतोय त्येच्या नावावर कागद असतोय, आप्पा. आमच्यात लय जनांचं तसंच हाय. मालक ऱ्हातोय गावाकडं, दुकान हजार किलोमीटरवर. सहीला सारखं कोन येनार? नावावर हाय म्हून काय माजं झालं व्हय?"

हा अर्जुना मामा त्याच्या गावचा, रक्ताच्या नात्यातला नव्हे. गेल्या दिवाळीत तो वारला होता. मागं उरली होती त्याची बायको, राहीबाई. मूलबाळ नाही. दुकान तिचं आहे हे सांगणारं एक चिटोरंसुद्धा तिच्याकडे नव्हतं.

मी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. "हे बघ," मी म्हणालो, "नशीब उघडलंय तुजं. तू मालक, तसंच लिवू. सोताचा धंदा म्हनल्यावर तिकडं छाप पडंल. खोटं कुटं हाय? समदं कागदावर हाय."

तो रागावला नाही, हसलाही नाही.

"पर मी मालक न्हाई, आप्पा. मामीची सही घिऊ दाखल्यावर."

"तिची सही कशी चालंल? तिचा त्या दुकानाशी कागदावर काय संबंध?"

"मग आदी संबंध करून घिऊ."

मी त्याला येड्यात काढलं. मुदत टळेल, हातातली नोकरी जाईल, छातीचं काय करशील, सगळं ओरडून सांगितलं. त्यानं कागद पिशवीत भरले आणि तो राहीबाईंना घेऊन कोइमतूरला गेला. जागामालक, लायसनचं ऑफिस, बँक, वकील असे उंबरठे झिजवत एकोणीस दिवस गेले. धनाजी नावाच्या गावच्याच माणसाला त्यानं आधीपासून काम शिकवलं होतं, त्याला दुकानात बसवलं. इकडं मी बायकोला म्हणत होतो, तो आता काही येत नाही, दुकान पचवून गप बसेल.

मुदतीला तीन दिवस उरले असताना दोघं टेबलासमोर उभी राहिली. दुकान राहीबाईंच्या नावावर झालं होतं. मी दाखला लिहिला, त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. मला राहवलं नाही.

"वयनी, दुकान ह्येच्या नावावर हाय हे तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय. ह्यांनी जायच्या आदी सांगितलं हुतं."

"मग इतकं दिस इचारलं कसं न्हाई?"

"इचारलं आसतं तर त्येला काय वाटलं आसतं, आवं?"

मी दाखला अर्जाला जोडला. अर्ज त्याच दिवशी पाठवला.

जुलैअखेर कारखान्याच्या भारतातल्या ऑफिसातून निरोप आला की परवान्याच्या कागदांच्या चौकशीचा फोन येईल, दाखला देणारीनं हजर राहावं. फोन माझ्या टेबलाशी स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता आणि बोलणं सरळ नव्हतं. दुकान गेल्याच महिन्यात बाईंच्या नावावर झालंय. त्याआधी दहा वर्षं अर्जदारच मालक. मग तो नोकर कधी होता? हा दाखला परवान्यासाठी तयार केलाय का? विश्वजितच्या तोंडावरचा रंग उडाला. खरं वागून पोरगा गाळात गेला, असं मला वाटलं.

राहीबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि थेट मराठीत बोलल्या.

"दहा वर्सं दुकान त्येच्या नावावर हुतं, सायेब. आमचं मालक गेलं, इचारनारं कुनी ऱ्हायलं न्हाई. मी मागितलं न्हाई, त्येनं आपनहून आनून दिलं. तुमाला सोन्याजवळ बसवायला मानूस पायजे ना? मग आनि कसला पायजे?"

मी ते हिंदीत सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, शेवटचं पुन्हा सांगा, लिहून घेतो. दुसऱ्यांदा मी एकेक शब्द सावकाश सांगितला.

नवव्या दिवशी परवाना आला. विश्वजित आधी राहीबाईंच्या पाया पडून आला आणि मग माझ्या पाया पडायला वाकू लागला. मी त्याला वाकू दिलं नाही. उठून उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि भर बसस्थानकासमोर त्याला सॅल्यूट ठोकला.