नेझियोची जागा

"तो डॉल्फिन बाहेरचाच होता," नेझियो पुन्हा म्हणाला.

कुणी विचारलं नव्हतं. महिन्यापूर्वी डॉल्फिनचं मढं वाहून आलं, तेव्हापासून त्याचं हेच पालुपद. ब्राझीलमधल्या लागुनाच्या खाडीत आम्ही अकरा जण कोळी खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन कमरभर पाण्यात उभे होतो. डॉल्फिन आमच्याकडे बोय माशांचा थवा हाकत आणतो, पाण्यावर डोकं आपटून खूण करतो, की पहिला पाग नेझियोचा. एकतीस वर्षं त्याची पहिली जागा, त्यामागे मी. खोटं कशाला बोलू, त्या जागेवर माझा डोळा होता.

किनाऱ्यावर विद्यापीठातली जुसारा आली. कातडीचा टवका तपासून कोणता डॉल्फिन कुणाचं पोर ते ती सांगते.

"मढ्याचा निकाल आला. मोरेनाची थोरली लेक."

मोरेना म्हणजे आमच्याकडे मासे हाकणारी डॉल्फिन मादी.

"बाहेरची ना ती?" नेझियोचा आवाज चिरकला. हाकतात ते आपले, हाकत नाहीत ते बाहेरचे, असं आम्ही बापजाद्यांपासून मानत आलो.

"बाहेरून कुणी येतच नाही, काका. चाळीसेक आहेत, सगळे एकाच गोतातले. गेलेल्याची भरपाई नाही. खाडीत जाळी लावून ठेवायची बंद करा, असं उद्या नगरपालिकेत मांडणार आहे. पण मेली कशानं, हे विचारतील. मढं कुजलेलं, काय सांगू?"

"म्हातारपणानं मेली म्हणा!" रांगेत माझ्या मागचा ओस्नी हसला.

नेझियो खांद्यावरचा पाग उतरवू लागला, तेव्हा मला कळलं. ज्याच्या हातून डॉल्फिन मरतो, त्यानं पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, हा आमचा नियम.

"गप राहा म्हाताऱ्या," मी कुजबुजलो.

"माझ्या जाळ्यात मेली," तो मोठ्यानं म्हणाला. "तुम्हा सगळ्यांपासून चोरून लावून ठेवलं होतं. हाकणारी नव्हती, म्हणून बाहेरची समजलो. जाळं कापून सोडून दिली. लिही पोरी, सही करतो."

तो पाण्याबाहेर निघाला. त्याला कुणी अडवलं नाही, मीही नाही. त्याची लाज अजून वाटते.

"सरक की पुढे," ओस्नीनं ढोसलं. मी सरकलो. तिथली वाळू नेझियोच्या पायांनी खोल झाली होती.

तेवढ्यात मोरेना आली. माझ्यासमोर तिनं डोकं आपटलं. माझे हात उचलेनात.

"टाक की रे गाढवा!" किनाऱ्यावरून नेझियो ओरडला.

मी पाग टाकला. तो इतका भरला की ओढवेना. सवयीनं नेझियो मदतीला धावत आला, आणि पावलांना पाणी लागताच थांबला.